वॉचमनला आवरणार कोण?

भाईंदर पश्चिमेहून बोलतोय. लोकलमध्ये असाल तर मीरा रोड यायच्या आत हा एपिसोड संपेल. आज विषय इम्युनिटीचा, पण ती वाढवण्याचा नाही, आवरण्याचा!

रुमॅटॉइड संधिवात, सोरायसिस, टाइप १ डायबिटीस... या आजारांत शरीराची संरक्षण यंत्रणा शरीरावरच उलटते. म्हणजे वॉचमननं चोर सोडून सोसायटीच्या रहिवाशांनाच बडवावं, तसं. अशा वॉचमनला आवरणाऱ्या पेशीही आपल्या रक्तात असतात: रेग्युलेटरी टी-पेशी, थोडक्यात 'टी-रेग'. जपानच्या शिमोन साकागुचींनी १९९५ मध्ये त्या ओळखल्या. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासोबत मिळालं.

मग सोपंय ना? टी-रेगना जागं करणारी अँटिबॉडी टोचायची, झालं!

मार्च २००६ मध्ये लंडनला तेच करून पाहिलं. औषध होतं टीजीएन-१४१२. टी-पेशींवरचं 'सीडी-२८' नावाचं बटण ते दाबायचं. उंदरांत टी-रेग वाढले होते, माकडांनाही त्रास झाला नव्हता. माकडांना सोसला त्याच्या ५०० पट कमी डोस सहा निरोगी तरुणांना दिला. काही तासांत सहाही जण आयसीयूत! जीव वाचले, पण एकाची बोटं गेली.

का झालं असं? तेच बटण माणसाच्या हल्लेखोर टी-पेशींवरही असतं. माकडांच्या तशा पेशींवर ते नसतं, म्हणून धोका आधी दिसलाच नाही. पुढे याच औषधाची चाचणी त्या डोसच्या हजाराव्या भागापासून सुरू केली, तेव्हा असं वादळ उठलं नाही. उलट, शांत करणारा आयएल-१० हा रेणू वाढला. बटण तेच, फरक किती जोरात दाबलं याचा.

आता टेप्लिझुमॅब बघा. ही अँटिबॉडी 'सीडी-३' हे बटण हलकेच दाबते. हल्लेखोर पेशी थकतात आणि टी-रेगना वाव मिळतो, असं संशोधक मानतात. टाइप १ डायबिटीसच्या उंबरठ्यावर असलेल्यांमध्ये तिनं आजार साधारण दोन वर्षं लांबवला. अमेरिकेत २०२२ मध्ये तिला मंजुरी मिळाली. आपल्याकडे बंगळुरूच्या बायोकॉनची इटोलिझुमॅब २०१३ पासून सोरायसिससाठी मंजूर आहे. ती 'सीडी-६' ला चिकटून हल्लेखोरांचा जोर कमी करते.

तर घरी कुणाला ऑटोइम्यून आजार असेल, तर 'इम्युनिटी बूस्टर'चे फॉरवर्ड बघून काहीही सुरू करू नका आणि चालू गोळ्या मनानं बंद करू नका. तिथं वॉचमन कमजोर नाहीये, बेलगाम झालाय. आधी डॉक्टरांना विचारा.

काही प्रश्न असेल तर कमेंटमध्ये टाका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!