आठ वर्षांची उत्सवमूर्ती आणि तिच्या नऊ मैत्रिणी

पणजी-मडगावसारख्या शहरांत मुलीचा वाढदिवस जवळ आला की सभागृहाचे आरक्षण, फुग्यांची कमान, ध्वनिवर्धकावरून खेळ घेणारा निवेदक आणि प्रत्येक पाहुण्याच्या हाती द्यावयाची परतभेट अशी यादी आधी तयार होते. प्रत्यक्ष समारंभात उत्सवमूर्ती नव्या झग्यात अवघडून केकपाशी उभी असते आणि तिच्या मैत्रिणी आपापल्या आईशेजारी खुर्चीवर बसून असतात. खर्च मोठ्यांचा, हौसही बरीचशी मोठ्यांचीच. सात ते दहा वर्षांच्या मुलीला मात्र मैत्रिणी आपल्या घरी याव्यात आणि त्यांच्याबरोबर पोटभर खेळायला मिळावे, एवढेच हवे असते. हे घरच्या दिवाणखान्यात, पडवीत किंवा इमारतीच्या गच्चीवरही साधते.

पाहुण्यांच्या संख्येविषयी पालकांमध्ये एक सोपा आडाखा प्रचलित आहे: मुलीच्या वयात एक मिळवावा, तितक्या मैत्रिणी बोलवाव्यात. आठव्या वाढदिवसाला नऊ. दोन तासांचा अवधी पुरेसा असतो. त्यापुढे मुली दमतात आणि रुसवेफुगवे सुरू होतात. आमंत्रण द्यायची पद्धत अधिक नाजूक आहे. वर्गातील तीस मुलांदेखत नऊजणींच्या हाती पत्रिका ठेवली की उरलेल्यांच्या मनात जे उमटते ते वर्षभर पुसले जात नाही. त्यापेक्षा पालकांनी परस्पर दूरध्वनी करावा. सगळ्या वर्गाशी वाढदिवस साजरा करायचाच असेल, तर शाळेच्या परवानगीने सर्वांना पुरेल असा साधा खाऊ द्यावा.

खेळ निवडताना हाच विचार पुढे न्यावा लागतो. संगीत खुर्ची हा वाढदिवसाचा हुकमी खेळ. दहा मुली आणि नऊ खुर्च्या घेऊन तो सुरू झाला तर पहिल्याच फेरीत बाद झालेली मुलगी पुढच्या आठ फेऱ्या भिंतीला टेकून पाहत बसते. सहसा हीच मुलगी घरात सर्वांत बुजलेली असते. धक्काबुक्की तिला जमत नाही, म्हणून तर ती आधी बाद होते. जिला खेळात ओढून घ्यायचे तीच बाहेर! यावर तोड अशी की खुर्च्या कमी करत जावे, मुली कमी करू नयेत. संगीत थांबले की उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी एकमेकींना सावरून बसायचे. शेवटच्या दोन खुर्च्यांवर दहाजणी मावण्याची खटपट जो हशा पिकवते, तो विजेतीच्या टाळ्यांना सहसा लाभत नाही. खुर्च्या मात्र लाकडी आणि भक्कम घ्याव्यात.

अंगण असेल तर लगोरीला तोड नाही. सात चपट्या ठिकऱ्यांचा ढीग एका गटाने चेंडूने पाडायचा आणि दुसऱ्या गटाचा चेंडू अंगाला लागण्याआधी तो पुन्हा रचायचा; यात धावणारी, नेम धरणारी आणि शांतपणे ठिकरीवर ठिकरी ठेवणारी अशा सगळ्यांनाच काम मिळते. चेंडू कापडी असावा. गोव्यातील मुलींना चवथीच्या दिवसांत पाहिलेली फेर धरून घातलेली फुगडी बहुधा ठाऊक असते. घरात आजी किंवा मावशी असल्यास तिने पहिला फेर धरून द्यावा, पुढचे मुली पाहून घेतात.

पावसाळ्यातील वाढदिवसाला कोड्यांची शोधयात्रा फार रंगते. ‘दार उघडले की दिवा लागतो, पोटात मात्र थंडी’ हे वाचून मुली शीतकपाटाकडे धावतात. तेथील चिठ्ठीवर ‘सकाळी पाणी मिळते, सांजेला दिवा मिळतो, तरी ती घरात येत नाही’ असे असते आणि सगळा घोळका तुळशीवृंदावनापाशी पोहोचतो. अशा सहा-सात चिठ्ठ्या आदल्या रात्री अर्ध्या तासात लिहून होतात. वृंदावनाजवळची चिठ्ठी तेवढी पावसात भिजणार नाही अशी ठेवावी. इंग्रजी शाळेतील मुलींना देवनागरी वाचताना अडखळायला होते, म्हणून तिघी-तिघींचे गट करून प्रत्येक गटात एक सराईत वाचणारी द्यावी. एरवी मराठी वाचायला कुरकुरणाऱ्या मुलीही येथे चिठ्ठीसाठी भांडतात.

परतभेटीचा प्रश्नही असाच सुटतो. अबोलीची फुले मिळत असतील तर केळीच्या दोऱ्याने फाती गुंफायला मुलींना बसवावे. पहिली फाती वेडीवाकडी होते, पण केसांत माळून घरी नेलेल्या त्या चार बोटांच्या फातीपुढे दुकानातील पेन्सिलपेटी फिकी पडते. ज्या मुलीला फुलांत रस नाही तिला खुशाल चेंडू खेळू द्यावे. मुलींचा वाढदिवस म्हणजे सगळे गुलाबी आणि सगळ्या राजकन्या, हा बाजाराचा हट्ट आहे.

खाण्यात फार गुंतू नये. पातळभाजी-पाव, कोकम सरबत आणि केक पुरतो. सेराडुरा मुली स्वतःच रचू शकतात: बिस्किटांचा चुरा आणि गोड घोटलेली साय यांचे थर पेल्यात एकावर एक. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ लाकडाचा भुसा आहे, हे सांगितले की मुली आणखी चवीने खातात. काजू-शेंगदाण्यांचे कोणाला वावडे आहे का, ते आमंत्रण देतानाच विचारावे. सजावटीचे थर्माकोल, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, प्लास्टिकचे पेले आणि चमचे यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचलावेत. पाहुण्यांबरोबर आलेल्या धाकट्या भावंडांच्या घशात ते अडकू शकतात.

केक कापण्यापूर्वी औक्षण करायची पद्धत अनेक घरांत टिकून आहे. मैत्रिणींपैकी कोणाला निरांजन ओवाळायचे असेल तर एक मोठी बाई शेजारी उभी राहावी; झग्यांच्या झालरी सहज पेट घेतात. मग ती मैत्रीण कोणत्या घरची, हा प्रश्न मुलींना पडत नाही, मोठ्यांनीही पाडू नये.

भेटवस्तू सर्वांसमोर उघडू नयेत. कोणी महागडे खेळणे आणलेले असते, कोणी वही. पाहुण्या गेल्यावर त्यांतील दोनच त्या रात्री उघडाव्यात. उरलेल्या रोज एक, शाळेतून आल्यावर.