जिरेनियमचे नाव, तिखाडीचे तेल

पोंभुर्ण्याच्या परिसरात धानाची रोवणी आटोपते, तेव्हा बांध्यांमध्ये पाणी साचलेले असते आणि डासांची पैदासही सुरू झालेली असते. वैनगंगेच्या अलीकडे चंद्रपूर, पलीकडे गडचिरोली. राज्यातील हिवतापाचा मोठा भार वर्षानुवर्षे या जंगलपट्ट्याने, विशेषतः गडचिरोलीने वाहिला आहे. नेमक्या त्याच दिवसांत शहरांतील रोपवाटिकांमध्ये ‘डास पळविणारे झाड’ म्हणून जिरेनियमच्या कुंड्या विकल्या जातात. पान चुरडले की गुलाब आणि लिंबू यांच्या मिश्रणासारखा दरवळ येतो आणि गिऱ्हाइकाची खात्री पटते. या खात्रीला शास्त्राचा आधार किती, हे शोधू गेल्यास वाट फिरून पुन्हा विदर्भाच्या रानातच येते.

मुळात कुंडीतील हे झाड काटेकोर अर्थाने जिरेनियम नव्हेच. लिनियसने १७५३ मध्ये ते जिरेनियम या प्रजातीत घातले होते. पुढे १७८९ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिये याने दक्षिण आफ्रिकेकडील या झाडांना वेगळे काढून ‘पेलार्गोनियम’ असे नाव दिले. बागवानांनी व अत्तरवाल्यांनी मात्र जुने नाव सोडले नाही.

‘डास पळविणाऱ्या’ वाणाची परीक्षा १९९४ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात झाली. एडिस अल्बोपिक्टस आणि क्युलेक्स क्विंकिफॅसिएटस या, आपल्या शहरांतही आढळणाऱ्या, डासांवर झाडाच्या सान्निध्याचा परिणाम दिसला नाही. दोन वर्षांनी कॅनडातील संशोधकांचाही निष्कर्ष तोच निघाला. कारण समजण्याजोगे आहे. सुगंधी तेल पानांवरील सूक्ष्म ग्रंथींमध्ये बंद असते. पान दुखावल्याखेरीज ते फारसे बाहेर पडत नाही. शिवाय त्याचे प्रमाण इतके अल्प, की टनभर ताज्या पाल्यातून जेमतेम एक-दोन किलो तेल हाती येते. महाराष्ट्रात अलीकडे जिरेनियमची शेती करणाऱ्यांचा सारा हिशेब याच एक-दोन किलोंवर चालतो आणि ते तेल मुख्यतः अत्तरे, साबण व प्रसाधनांसाठी जाते.

झाड निष्प्रभ ठरले म्हणून तेलही निरुपयोगी, असे मात्र नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनात जिरेनियमच्या तेलातील एक घटक गोचिडांना दूर ठेवण्यात ‘डीट’ या प्रचलित रसायनाच्या तोडीचा आढळला. औषधाच्या बाबतीत पुरावा आहे तो पेलार्गोनियम सिडॉइडिस या भलत्याच जातीच्या मुळांचा. चार्ल्स स्टीव्हन्स नावाच्या इंग्रज गृहस्थाने विसाव्या शतकाच्या आरंभी तिचा अर्क क्षयावरील रामबाण उपाय म्हणून विकला. तो दावा टिकला नाही. श्वासनलिकेच्या तीव्र दाहात या अर्काने आराम पडू शकतो, एवढेच कॉक्रेन संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात म्हटले आहे, आणि तेही पुरावा कमी दर्जाचा असल्याच्या शेऱ्यासह. बाल्कनीतल्या पानांचा काढा करून पिण्यास यातून कोणताही आधार मिळत नाही.

आता विदर्भाच्या रानाकडे. मध्य भारताच्या शुष्क पानझडी जंगलांत ‘तिखाडी’ किंवा ‘रोशा’ नावाचे उंच, सुवासिक गवत वाढते. फुलोऱ्यावर आलेले हे गवत कापून, भट्टीवर पाण्यासह उकळून त्याचे तेल काढण्याचा धंदा खानदेशापासून वऱ्हाडापर्यंत जुना आहे. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने तुर्कस्तानकडे जाई आणि तेथे महागड्या गुलाबाच्या अत्तरात बेमालूम मिसळले जाई. युरोपच्या बाजारात त्याला नाव पडले ‘भारतीय जिरेनियम तेल’. भेसळीचा माल, पण शास्त्राच्या इतिहासात त्याची नोंद मानाची आहे: १८७१ मध्ये ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने याच भारतीय गवताच्या तेलातून एक द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते ‘जिरेनिऑल’. नाव जिरेनियमचे, द्रव्य मात्र गवताचे! तिखाडीच्या उत्तम तेलात जिरेनिऑलचे प्रमाण पाऊणहून अधिक असते. खुद्द जिरेनियमच्या तेलात ते त्याहून बरेच कमी भरते.

आणि डासांविरुद्धचा भारतीय पुरावाही तिखाडीच्याच बाजूने आहे. ‘इंडियन जर्नल ऑफ मलेरियॉलॉजी’मध्ये १९९४ साली अन्सारी व राझदान यांनी प्रत्यक्ष वस्तीत केलेल्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. अंगाला हे तेल लावलेल्या माणसांना अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसिस या डासापासून जवळजवळ पूर्ण संरक्षण मिळाल्याचे त्यांत नमूद आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांत हिवताप पसरविणारा प्रमुख डास तोच. गंमत अशी, की चाचणीतील तेल अत्तरवाल्यांच्या पसंतीच्या ‘मोतिया’ वाणाचे नसून, कमी जिरेनिऑलच्या व म्हणून स्वस्त ‘सोफिया’ वाणाचे होते. म्हणजे सारे श्रेय एकट्या जिरेनिऑलला देता येत नाही.

तरीही हात आखडता घ्यायला हवा, तो उडनशील तेलांच्या स्वभावामुळे. २००२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या तुलनेत २३.८ टक्के ‘डीट’ असलेल्या उत्पादनाने एडिस डासांना सरासरी पाच तास दूर ठेवले. तिखाडीच्याच कुळातील सिट्रोनेला गवताच्या तेलावर आधारित उत्पादनांचा प्रभाव वीस मिनिटेही टिकला नाही. बंद पिंजऱ्यातील ही कसोटी उघड्यावरील चाचणीपेक्षा कठोर असते, हे खरे. जिरेनिऑल काहींच्या त्वचेला बाधते, म्हणूनच युरोपीय संघाने २००३ मध्ये लेबलावर उल्लेख बंधनकारक केलेल्या २६ सुगंधी द्रव्यांत त्याचा समावेश केला. निखळ तेल अंगाला चोळणे त्यामुळे धोक्याचे. शिवाय क्युलिसिफेसिस चावतो तो रात्री, माणूस झोपेत असताना. अंगावरचा वास तोवर उडून गेलेला असू शकतो; कीटकनाशकयुक्त मच्छरदाणी मात्र पहाटेपर्यंत जागेवर असते. तिखाडीचे तेल उपयोगी पडायचे ते तिन्हीसांजेला, शेतावरून परतल्यानंतर मच्छरदाणीत शिरेपर्यंतच्या दोन-तीन तासांत.