निमगाव सावाच्या वाटेवर: मासवडी, भाकरी आणि आमटीचा मुलूख

जुन्नर तालुका म्हटलं की शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट ही नावं आधी येतात. राज्य सरकारने 2018 मध्ये तालुक्याला विशेष पर्यटन क्षेत्राचा दर्जा दिला. तालुक्याचा पूर्व भाग मात्र पर्यटकांच्या नकाशात क्वचितच दिसतो. निमगाव सावा याच भागातलं गाव. नारायणगावच्या पूर्वेला, आळेफाटा-बेल्ह्याच्या दक्षिणेला, कुकडीच्या खोऱ्यात. आजूबाजूला साकोरी, मंगरूळ, पारगाव तर्फे आळे अशी बागायती गावं. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांच्या कुकडी प्रकल्पाने या खोऱ्याची शेती बदलली. आज रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, कांद्याच्या चाळी आणि गोठे दिसतात.

गाव पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर या दोन्ही महामार्गांपासून आत आहे. त्यामुळे निऑनच्या पाट्या लावलेली मोठी हॉटेलं इथे शोधू नयेत. दिलीप वळसे पाटील महाविद्यालयात येणारी-जाणारी मुलं, दूध घालायला आलेले शेतकरी आणि एसटीची वाट बघणारी माणसं हे इथलं गिऱ्हाईक. पण निमगाव सावा मध्यावर धरून नारायणगाव, आळेफाटा आणि बेल्हे असा फेरा मारला, तर पुणे जिल्ह्यातल्या अस्सल ग्रामीण जेवणाचा एक अख्खा मुलूख हाती लागतो. पुण्यात राहून बाहेर खाण्याची आवड असलेल्या माणसाने एक दिवस राखून ठेवावा, असा हा भाग आहे.

सकाळ नारायणगावात

सुरुवात नारायणगावातून करावी. पूर्वी पुणे-नाशिक रस्ता थेट गावातून जायचा आणि प्रत्येक गाडी चहा-मिसळीला थांबायची. आता बाह्यवळण झालं आहे. वळण घेऊन मुद्दाम गावात शिरावं लागतं आणि ते शिरावंच. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखलं जातं आणि टोमॅटोच्या हंगामात इथल्या उपबाजारात परराज्यांतले व्यापारी मुक्काम ठोकून असतात. रात्री उशिरापर्यंत जागणारे कलावंत आणि पहाटे माल उतरवणारे हमाल, अशा दोन्ही पोटांना सकाळी तिखट आणि गरम काहीतरी लागतं. इथे मिसळ रुजली त्यात नवल नाही. राजकमल हॉटेलचं नाव इथे मिसळीसाठी घेतलं जातं. मिसळीत माझं लक्ष आधी मटकीकडे जातं. मोड चांगले बोटभर आलेले असावेत, दाणा शिजलेला पण अखंड असावा. तर्री वेगळी मागून घ्यावी आणि थोडी थोडी ओतावी. सगळी एकदम ओतली की फरसाणाचा लगदा होतो आणि कांद्या-लिंबाची चवही बुडते.

दुपारपर्यंत वेळ असेल तर मटकीची भेळ बांधून घ्यावी. तळलेली कुरकुरीत मटकी, कुरमुरे, शेव, बारीक चिरलेला कांदा आणि तोंडी लावायला मिरची. चौपाटीच्या गोड चटणीच्या भेळेशी तिची तुलना करू नये. ही कोरडी, खारी आणि झणझणीत असते आणि पुढच्या प्रवासात पुरवून पुरवून खाता येते.

मासवडी: हाताचं काम

जेवणाचा खरा मान मासवडीचा. जुन्नर-आंबेगावात लग्नाआधीचं केळवण असो, मुंबईहून आलेले पाहुणे असोत किंवा सणाचं जेवण, घरची बाई आधी मासवडीचा घाट घालते. आकार माशासारखा असला तरी पदार्थ पूर्ण शाकाहारी. आता नारायणगाव, आळेफाटा, मंचर या रस्त्यावरच्या कित्येक हॉटेलांच्या पाटीवर मासवडी थाळी दिसते. पुण्याच्या भीमथडी जत्रेतही बचत गटांच्या बायका ती करून वाढतात आणि तिथे रांगा लागतात.

रांग का लागते, हे करताना पाहिलं की समजतं. हळद, तिखट, मीठ घातलेलं पाणी उकळायला लागलं की त्यात बेसन एका हाताने सोडायचं आणि दुसऱ्या हाताने घोटत राहायचं. गुठळी राहिली की पुढचं सगळं फसलं. झाकण ठेवून वाफ आणायची. तोवर सारण तयार हवं: भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, खसखस, परतलेला कांदा, लसूण, कोथिंबीर. पाटावर ओलं फडकं पसरायचं आणि हाताला पाणी लावून तो चटका देणारा गोळा फडक्यावर पातळ थापायचा. वर सारण पसरलं की फडक्याची कड उचलून एक घडी, मग दुसरी, आणि वरून दाबत दाबत पाठीला उंचवटा द्यायचा. हे सगळं पीठ गरम असेपर्यंतच. गार झालं की घडीवर चीर पडते आणि सारण बाहेर येतं. म्हणून सवयीचा हात लागतो आणि तो हात या भागात अजून तरी बायकांचाच आहे.

वडी ताटात आली की तिची कापलेली बाजू बघावी. बेसनाचा थर पातळ आणि सगळीकडे सारखा असला, सारण गच्च बसलेलं असलं, कड फाटलेली नसली, तर ती आजची आहे आणि जाणत्या हाताची आहे. थर जाड आणि चिवट लागला, तर बेसन वाढवून सारण वाचवलं आहे असं समजावं. वडी आधीपासून रश्श्यात बुडवून ठेवलेली नसावी. ताटात वडी कोरडी यावी, रस्सा वाटीत यावा आणि दोघांची गाठ खाणाऱ्याने घालावी. रस्सा काळपट तांबडा, भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याच्या वाटणाचा, पातळ पण चवीला भरीव. वर तेलाचा तवंग हवा, पण बोटभर तेल तरंगणं हे चांगल्या रश्श्याचं लक्षण नव्हे.

आधी विचारून घेणं केव्हाही बरं. "मावशी, वडी कधी केली?" एवढाच प्रश्न पुरतो. "सकाळी केलीया, दुपारची आता थापतीये, बसा जरा," असं उत्तर आलं तर खुशाल बसावं. महामार्गावरच्या काही मोठ्या हॉटेलांत पाटीवर मासवडी असते आणि वाढपी मात्र पनीर सुचवत राहतो. तिथे वेळ घालवू नये.

भाकरीची परीक्षा

शहरातला खवय्या रश्श्यावरून हॉटेल ठरवतो. मला विचाराल तर भाकरीवरून ठरवावं. बाजरीच्या पिठात तेलाचा अंश जास्त असल्याने दळून ठेवलेलं पीठ लवकर कडवट होतं. जिथे रोज ताजं दळण येतं आणि रोज संपतं, तिथेच भाकरी गोड लागते. म्हणजे भाकरीच्या पहिल्या घासातच त्या स्वयंपाकघराची उलाढाल, शिस्त आणि दानत समजते. बाजरीला गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ मळताना तळव्याने रगडून रगडून मऊ करावं लागतं, नाहीतर थापताना कडा फाटतात. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायचं, ते सुकलं की उलटायची आणि शेवटी निखाऱ्यावर किंवा जाळावर टम्म फुगवायची. वरचा पापुद्रा सुटून आला की त्यात ठेचा आणि लोण्याचा गोळा. एवढ्यावरही जेवण होतं.

हिवाळ्यात गेलात तर हुलग्याची शेंगोळी मिळते का ते विचारा. हुलग्याच्या पिठाच्या, हाताने वळलेल्या वळकट्या लसणाच्या झणझणीत रश्श्यातच शिजतात. हॉटेलांत ती क्वचित असते, पण राजुरीच्या पराशर कृषी पर्यटन केंद्रासारख्या ठिकाणी आधी कळवून गेलं तर गावाकडचं जेवण घरगुती पद्धतीने मिळतं. राजुरी कल्याण-अहिल्यानगर रस्त्यावर आळेफाटा आणि बेल्ह्याच्या मधे आहे.

मटण खाणाऱ्यांनी वार बघून जावं. सोमवार, गुरुवार, शनिवार इथल्या बऱ्याच घरांत पाळले जातात. श्रावणात तर विचारूच नये. रविवारी आणि बुधवारी मात्र ताजं मटण, काळा रस्सा आणि भाकरी हा बेत जमून येतो. घराघरांत जो दिवस मटणाचा, त्याच दिवशी हॉटेलातही ते ताजं असतं.

आण्याची आमटी

या मुलखाच्या चवीचा मूळ धागा हॉटेलांच्या बाहेर आहे. बेल्ह्याच्या पूर्वेला घाट चढून गेलं की आणे गाव लागतं. तिथे रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीला आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. ऐन थंडीत मोठमोठ्या कढयांमध्ये मसालेदार आमटी उकळत असते आणि पठारावरच्या घराघरांतून भाकरी येतात. एका घरच्या भाकरीला दुसऱ्या गावचा माणूस आमटी लावून खातो. पंगतीत कोण कुठला, हा प्रश्न नसतो. आमटी वाटीतून प्यायची, भाकरी चुरायची, आणि पुन्हा आमटी. लोक वर्षभर या दिवसाची वाट बघतात.

पूर्व जुन्नरातल्या माणसाला रस्सा कसा असावा याची जीभ या पंगतीतच घडते. त्यामुळे इथल्या हॉटेलवाल्याला फसवाफसवी परवडत नाही. गिऱ्हाइकाने आण्याची आमटी प्यायलेली असते. आण्याला जाताना गुळुंचवाडीजवळचा दगडाचा नैसर्गिक पूलही वाटेत आहे, तोही बघून घ्यावा.

बाजार आणि चहा

बेल्ह्याला सोमवारी बैलबाजार भरतो. बैलांची पारख करत फिरणारे शेतकरी, साखळ्या-घुंगरांची दुकानं आणि कडेला गरम भजी, जिलेबी, भेळ. बाजारातल्या खाण्याचा नियम सोपा आहे: ज्या कढईभोवती बाजारकरी उभे आहेत, तिथे आपणही उभं राहावं. तिथे तेल आणि माल दोन्ही फार वेळ पडून राहत नाहीत.

दुपार कलली की निमगाव सावाकडे वळावं. दोन्ही बाजूंना उसाचे फड, मधूनच पाटाचं पाणी, ट्रॅक्टरमागे लागलेल्या ट्रॉल्या. पश्चिमेला खोडद परिसरात जीएमआरटी दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या अवाढव्य थाळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या असतात. गावात पोहोचल्यावर टपरीवर चहा घ्यावा. हा दुधाचा पट्टा आहे. शेजारच्या आंबेगावात मंचरला 1992 मध्ये सुरू झालेला पराग मिल्क फूड्सचा उद्योग उभा राहिला तो याच भागातल्या गोठ्यांच्या जोरावर. सकाळ-संध्याकाळ किटल्या घेऊन दूध घालायला निघालेली माणसं इथल्या रस्त्यावरचं रोजचं दृश्य. दूध जवळचं असलं की चहाला पावडरीचा आधार लागत नाही. सोबत गरम वडापाव मिळाला तर घ्यावा. नाही मिळाला तर नारायणगावची मटकी भेळ पिशवीत असतेच.

गावात बसून चार माणसांशी बोललात तर जेवणाची सगळ्यात खात्रीची माहिती तिथेच मिळते. कोणत्या हॉटेलात सध्या कुणाच्या हातची भाकरी आहे, कुठला रस्सा बिघडला, कुठे नवीन आचारी आला, हे पाटीवर लिहिलेलं नसतं. या गावातली माणसं पाहुणे घेऊन जिथे जेवायला जातात, तिथे बिनधास्त जावं.

आपण काय मागतो त्यावर

या भागात आता चायनीजच्या गाड्या आहेत, पंजाबी भाज्यांची लांबलचक मेनूकार्डं आहेत आणि ती चालतातही. हॉटेलवाल्याला दोष देता येत नाही, गिऱ्हाईक मागेल ते तो देतो. मासवडीला दोन तास आणि एक कसलेली बाई लागते. पनीर मसाल्याला दहा मिनिटं आणि एक पाकीट पुरतं. शहरातून आलेला माणूस पनीरच मागत राहिला, तर उद्या मासवडी करणाऱ्या हाताला कामावर ठेवण्याचं हॉटेलवाल्याला काही कारण उरणार नाही. म्हणून पुण्या-मुंबईहून येणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: या मुलखात आलात की मुलखाचंच मागा, त्याला लागेल तेवढा वेळ द्या, आणि आवडलं तर आत जाऊन करणारीला सांगा. आपण मोजलेले पैसे आणि तोंडावर दिलेली दाद, दोन्ही त्या चुलीपर्यंत पोहोचले पाहिजेत.

कसं जाल

पुण्याहून नाशिक महामार्गाने राजगुरुनगर, मंचरमार्गे नारायणगाव साधारण 75 किलोमीटर. नारायणगावहून पूर्वेकडे खोडद परिसरातून किंवा आळेफाटा-बेल्ह्याच्या बाजूने निमगाव सावाला जाता येतं. मुंबईकरांना कल्याण, माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा हा रस्ता सोयीचा. मासवडी किंवा शेंगोळी हवी असेल तर आदल्या दिवशी फोन करून सांगावं. ऊसपट्ट्यात बिबट्यांचा वावर असल्याने आतल्या रस्त्यांवर अंधार पडल्यावर रेंगाळू नये. रात्रीचं जेवण लवकर उरकावं किंवा मोठ्या रस्त्यावर येऊन करावं.