घरातील पाण्याची मुख्य चावी

जुलै २०२२ मध्ये आपला बऱ्हाणपूर जिल्हा ‘हर घर जल’ म्हणून प्रमाणित झालेला देशातील पहिला जिल्हा ठरला. नळ घरी आला, की पाणी बंद करण्याचे साधनही घरातील प्रत्येकास वापरता आले पाहिजे. जुन्या गेट व्हॉल्व्हची चक्री अनेक फेरे फिरवावी लागते; क्षार साचून ती जखडते व वृद्धांच्या हातून हलत नाही. बॉल व्हॉल्व्हमधील आरपार छिद्राचा गोळा मात्र पाव फेऱ्यातच पाणी अडवितो. दांडी नळास समांतर असता पाणी चालू, आडवी असता बंद. नळ अवचित फुटल्यास घर व दुकानातील माल वाचतो. शाहपुरातील सभासदांनी ती हाताशी येईल अशी बसवावी, सावकाश फिरवावी आणि महिन्यातून एकदा अवश्य हलवावी.