सेल्फ कधी लागतो, कधी नाही

उधन्याच्या यंत्रमाग कारखान्यांतून कापडाचे ताके वाहणारी जुनी डिझेल पिकअप सकाळी एका किल्लीत सुरू होते आणि दुपारी, माल भरून झाल्यावर, नुसती ‘टक्’ करते. थोड्या वेळाने पुन्हा सुरळीत! अशा वेळी बहुतेक जण आधी बॅटरी बदलतात. माझ्या मते, बॅटरीवर खर्च करण्याआधी विजेची वाट तपासावी.

डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ सहज 200 अँपिअर प्रवाह ओढतो. वाटेत कुठे अवघा 0.01 ओहम रोध असला, तरी 12 पैकी 2 व्होल्ट तिथेच जिरतात. साध्या मल्टिमीटरवर एवढा बारीक रोध कळतच नाही. म्हणून मोजायचा तो व्होल्टेज, आणि तोही सेल्फ मारताना. मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. अर्ध्या व्होल्टहून जास्त दाखवलं, की संशय अर्थिंगच्या पट्टीवर. बोल्ट सोडवला, की खाली बहुधा हिरवट-पांढरी पूड सापडते. त्यात इंजिनच्या धगीने सेल्फमधल्या तांब्याचा रोधही वाढतो, दर अंशाला सुमारे 0.4 टक्के, म्हणून दुखणं दुपारी उफाळतं.

अर्थिंग चोख निघालं, तर हीच तपासणी धन बाजूला, बॅटरीपासून सोलेनॉइडपर्यंत करावी. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला, हे मात्र सगळ्याच्या आधी.