जुन्या मोटारीचे जतन : मुंबईच्या फियाटचा दाखला

मोटारगाडी ही जतनाचा विचार करणाऱ्यास कोड्यात टाकणारी वस्तू आहे. ताम्रपट, नाणे किंवा पाषाणमूर्ती कोरड्या व सुरक्षित जागी ठेवली म्हणजे तिच्या रक्षणाचे बरेचसे काम झाले असे समजण्यास हरकत नाही. मोटारीची गोष्ट नेमकी उलट आहे. ती काही महिने जागच्या जागी उभी राहिली तर ब्रेकच्या तेलात हवेतील ओल शिरते, चाकांतील ब्रेकचे सिलिंडर गंजून अडकतात, कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत पेट्रोलचा चिकट साका धरतो आणि टायर एका बाजूस चपटे होतात. ती टिकावी म्हणून ती चालवावी लागते. चालविली की ती झिजते. झिजलेला भाग बदलावा लागतो. आणि असे भाग बदलत गेल्यावर अखेरीस आपण जतन केले ते काय, हा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात शोभणारा असला तरी जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांना तो दर पावसाळ्यानंतर प्रत्यक्ष सोडवावा लागतो. तो कसा सोडविला जातो हे पाहण्यास मुंबईच्या फियाट गाडीइतके सोयीचे उदाहरण आपल्याकडे दुसरे नाही, कारण तिचा जन्म, तिची दुरुस्ती आणि रस्त्यावरून तिची निवृत्ती या तिन्ही गोष्टी एकाच शहरात घडल्या.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात प्रारंभी अमेरिकन गाड्यांची जुळणी होत असे. पुढे इटलीतील फियाट कंपनीशी सहकार्य झाले आणि इटलीत १९५३ साली बाजारात आलेली फियाट ११०० ही गाडी पुढील वर्षापासून येथे मिळू लागली. तिच्या गोलसर नाकामुळे मुंबईकरांनी तिचे ‘डुक्कर फियाट’ असे नामकरण केले. आज हेच नाव शौकिनांत कौतुकाने घेतले जाते, हा काळाचा महिमा. १९६४ मध्ये आलेली ‘डिलाइट’ आणि तिचीच पुढील आवृत्ती म्हणजे १९७४ पासूनची ‘पद्मिनी’ यांचे यंत्र मूलतः एकच : चार सिलिंडरांचे, १०८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे, ओतीव लोखंडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचे हेड असलेले. गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर, पुढची बैठक सलग, मागे पाटे, चारही चाकांना ड्रम-ब्रेक. इटलीने १९६० च्या दशकातच ज्या नमुन्याचा निरोप घेतला तो मुंबईत विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत तयार होत राहिला. परवाना-पद्धतीच्या त्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि परदेशी मालाच्या आयातीवर निर्बंध असत. हाती असलेली गाडी दुरुस्त करीत राहणे हा तेव्हा छंद नव्हता. तो प्रपंच होता.

छंदाचा इतिहास वेगळ्या ठिकाणी सुरू होतो. इंग्लंडात १८९६ च्या नोव्हेंबरमध्ये लंडन ते ब्रायटन अशी मोटारींची फेरी निघाली होती. तिची पुनरावृत्ती १९२७ पासून होऊ लागली आणि १९३० मध्ये जुन्या गाड्यांच्या मालकांचे मंडळ तेथे स्थापन झाले. आपल्याकडे ‘स्टेट्समन’ या वृत्तपत्राने १९६४ मध्ये दिल्लीत जुन्या गाड्यांची फेरी आयोजित केली. अशा फेऱ्यांत प्रेक्षकांचे डोळे दिपत ते संस्थानिकांच्या रोल्स-रॉइससारख्या गाड्यांनी. त्या गाड्या मुळातच दुर्मिळ, आणि त्यांना सांभाळणारे धनवान. एखादा भाग हाताने घडवून घेण्याचा खर्च त्यांना जड जात नाही. डिलाइट किंवा पद्मिनी बाळगणारा मनुष्य बहुधा मध्यमवर्गीय असतो. वडिलांनी नंबर लावून घेतलेली गाडी मोडीत घालवत नाही, हे त्याच्या हौसेचे मूळ. त्याची हौस आजवर परवडली याचे कारण मात्र त्याच्या स्वतःच्या खिशात नव्हते. ते टॅक्सीत होते. माझ्या मते या विषयातील कळीचा मुद्दा हाच असून त्याकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही.

सुट्या भागाच्या किमतीचा मोठा हिस्सा धातूचा किंवा रबराचा नसून साच्याचा असतो. काचेभोवतीच्या रबरी पट्टीचा साचा एकदा करून घेतला की त्यातून शंभर गाड्यांपुरती पट्टी निघो की दहा हजार गाड्यांपुरती, साच्याचा खर्च तोच राहतो. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या फियाट हजारोंनी धावत होत्या तोवर हेडचे पॅकिंग, क्लच-प्लेट, व्हील-सिलिंडरचे किट, पाण्याचा पंप या वस्तू छोटे कारखानदार नियमित काढीत. जो भाग नवा मिळत नसे तो कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंवा चोर बाजारात मोडलेल्या गाडीवरून मिळे. टॅक्सी दिवसरात्र चालणारी. तिची दुरुस्ती स्वस्त आणि तातडीने व्हावी लागे. त्यातून मिस्त्री, इलेक्ट्रिशियन, डेंटर, रेडिएटरवाला आणि लेथवाला अशी साखळीच उभी राहिली. रविवारी सहलीला निघणारा हौशी मालक याच साखळीचा लाभ घेई, आणि तिच्या पोषणात त्याचा वाटा नगण्य असे. महाराष्ट्रात टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांवर मर्यादित केले गेले होते. ऑक्टोबर २००३ च्या अखेरीस नोंदली गेलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी त्या नियमाने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली. वृत्तपत्रांनी हळहळीचे लेख लिहिले, ते योग्यच होते. परंतु त्या दिवशी खाजगी गाड्यांच्या मालकांवर कोणते ओझे येऊन पडले हे त्या लेखांतून क्वचितच उमटले. आता साच्याचा खर्च त्यांनाच वाटून घ्यावयाचा आहे.

हे वाटून घेणे शक्य असते, याला परदेशात पुरावा आहे. इंग्लंडात एम्.जी.बी. या छोट्या गाडीच्या शौकिनांची संख्या एवढी मोठी होती की १९८८ मध्ये तिचे संपूर्ण नवे सांगाडे जुन्याच साच्यांवरून पुन्हा काढण्यास आरंभ झाला. आपल्याकडे मंडळांचे सभासद एकत्रित मागणी नोंदवून रबरी पट्ट्या, दिव्यांच्या काचा असे भाग करवून घेऊ शकतात. संपूर्ण सांगाड्यापर्यंत मजल जाण्याचा संभव मला दिसत नाही.

आणि फियाटचे मर्म तर सांगाड्यातच आहे. जुन्या पद्धतीच्या गाडीत खाली जाड लोखंडी चौकट आणि तिच्यावर बोल्टांनी बसविलेली पेटी असे दोन वेगळे अवयव असत. पेटी कुजली तरी चौकट शाबूत राहून गाडी उभी राही. फियाट ११०० मध्ये तशी स्वतंत्र चौकट नाही. तळाचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि छत मिळून एकच कवच होते आणि भार तेच पेलते. मुंबईचा पाऊस व खारी हवा त्या पोकळ पट्ट्यांत शिरते, आणि गंज आतून बाहेर येतो. रंगावर फोड दिसू लागतो तेव्हा आतला पत्रा चाळणी झालेला असतो. घाईची दुरुस्ती म्हणजे कुजलेल्यावरच नवा तुकडा जोडून वर पुट्टी भरणे. ती वर्षभर छान दिसते, आणि दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी धरून ठेवून उरलेलाही भाग खाते. खरी दुरुस्ती म्हणजे निरोगी पत्रा लागेपर्यंत कापणे, दारांची चौकट वाकू नये म्हणून आतून आडवे टेके देणे, आणि त्याच जाडीचा तुकडा कडेस कड लावून जोडणे. गाडी विकत घेताना जाणते लोक कापडात गुंडाळलेले लोहचुंबक दारांखालून फिरवतात. जेथे ते चिकटत नाही तेथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे असे समजावे.

इंजिनाचे त्या मानाने सोपे आहे. सिलिंडर झिजले तर ते किंचित मोठे कोरून मोठ्या मापाचे पिस्टन घालता येतात. ती मर्यादा संपली की आत लोखंडी स्लीव्ह ठोकून मूळ मापावर परत येता येते. ब्लॉक तोच, त्यावरील क्रमांक तोच. जपावयाचे ते ॲल्युमिनियमच्या हेडला : पाणी आटून इंजिन तापले की ते वाकते व पॅकिंग फुटते. हेड पुन्हा बसविताना बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळावे लागतात, आणि ही गोष्ट चांगल्या मिस्त्रीच्या मनगटात मुरलेली असते.

अलीकडे इंधनाने नवी अडचण उभी केली आहे. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू अंगचाच असतो, म्हणून त्याला जळण्यास हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर या मिश्रणास सुमारे साडेतेरा. नव्या गाडीतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हा फरक ओळखून इंधन वाढविते. पद्मिनीच्या कार्बोरेटरला तसे काही समजत नाही, म्हणून मिश्रण पातळ होते आणि इंजिन अडखळते. उपाय साधा आहे : मुख्य जेटचे छिद्र थोडे मोठे करणे. याहून त्रासदायक म्हणजे इथेनॉल ओल शोषून घेते, टाकीचा पत्रा गंजविते आणि जुन्या जातीच्या रबराच्या नळ्या व पंपाचा पडदा फुगवून निकामी करते. त्यांच्या जागी इथेनॉलला दाद न देणाऱ्या रबराचे भाग घालावे लागतात. म्हणजे गाडी मूळ स्वरूपात चालती ठेवावयाची तर तिचे काही भाग मूळचे राहून चालत नाहीत.

येथे कायद्याशी गाठ पडते. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीस पन्नासहून अधिक वर्षे झालेले, खाजगी वापराचे, आणि सांगाडा, बाह्य कवच व इंजिन यांत भरीव फेरबदल न झालेले वाहन त्यांत येते. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क असून नोंदणी दहा वर्षे टिकते व क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. १९७४ च्या पद्मिनी २०२४ पासून या वयात येऊ लागल्या आहेत. पण अशी गाडी नित्याच्या प्रवासास वापरता येत नाही. प्रदर्शन, फेरी, इंधन भरणे, दुरुस्ती आणि तांत्रिक संशोधन एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. (विद्यापीठीय विभागांना या शेवटच्या शब्दांचा उपयोग करून घेता येईल; अद्याप कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.) खाजगी वापराच्या अटीमुळे जिने या गाडीला जगविले ती काळी-पिवळी टॅक्सी मात्र व्याख्येतच बसत नाही.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये तूरिन येथे संमत केलेली सनद या बाबतीत अधिक समंजस वाटते. वाहनाचा रस्त्यावरील वापर हा त्याच्या जतनाचाच भाग आहे, कारण चालविण्याची व दुरुस्तीची विद्या त्यानेच पुढे जाते, असे ती मानते. बदललेले भाग ओळखू येतील अशी खूण करून ठेवावी आणि कामाची नोंद ठेवावी असेही सुचविते. आपल्या नियमांतील ‘भरीव फेरबदल’ म्हणजे काय याचा निर्णय राज्य समितीने गाडी तपासून करावयाचा आहे. तळाचा कापून बसविलेला पत्रा भरीव फेरबदल ठरतो काय? सोबत छायाचित्रे व कामाची वही असेल तर मालकास निदान उत्तर देता येईल. पुट्टीवाल्याला ते देता येणार नाही.

अशी वही ठेवण्याची सवय आता कोठे काही मालकांत रुजू लागली आहे. मिस्त्रींची विद्या मात्र अजून कागदावर आलेली नाही, आणि ज्यांचे हात टॅक्सीवर तयार झाले ते आज वृद्ध आहेत. उन्हाळ्यात खंडाळ्याचा घाट चढताना फियाट बंद पडली की जुना चालक पेट्रोलच्या पंपावर ओले फडके टाकून विडी ओढीत बसे. पंपात व नळीत पेट्रोलची वाफ झालेली असते आणि पंपाला वाफ खेचता येत नाही. फडक्यातील पाणी उडून जाताना धातू थंड होतो, वाफेचे पुन्हा द्रव होते आणि गाडी सुरू होते. फडके किती वेळ ठेवावयाचे हे विचारले तर उत्तर मिळे : विडी संपेपर्यंत.