मुंबई इलाख्यातील प्राथमिक शिक्षण आणि लोकल फंडाचा एक आणा

मुंबई इलाख्यातील प्राथमिक शिक्षणाचा इतिहास सामान्यतः एल्फिन्स्टनच्या टिपणीपासून सांगितला जातो. पंतोजींच्या गावठी शाळा, त्यांतील धुळपाटी, पाढे व मोडी अक्षर, पुढे १८४० चे बोर्ड ऑफ एज्युकेशन आणि १८५४ चा वुडचा खलिता, असा हा क्रम विद्यार्थ्यांच्या परिचयाचाच आहे. परंतु या शाळांचा खर्च कोणी सोसला, हा प्रश्न या क्रमात सहसा उपस्थित होत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते खरे मर्म तेथेच आहे.

इंग्रजी शिकलेल्या वरिष्ठ वर्गाकडून ज्ञान हळूहळू खाली झिरपेल, या समजुतीने आरंभीची अनेक वर्षे सरकारी पैसा वरच्या शिक्षणाकडे वळला. वुडच्या खलित्याने ही भूमिका तत्त्वतः सोडली; पैशाची तरतूद मात्र निराळ्या वाटेने झाली. १८६३ च्या सुमारास जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा अशी पट्टी बसविण्यात आली आणि १८६९ च्या कायद्याने ती पक्की झाली. तिचे दोन भाग रस्त्यांकडे व एक भाग शिक्षणाकडे जाई. म्हणजे खेड्यातील शाळा कुणब्याच्या आण्यावर उभी राहिली. त्याचे मूल त्या शाळेत होते की नाही, हा प्रश्न अलाहिदा! १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या एका महार मुलाचा अर्ज मुंबई सरकारने नाकारला होता. पुढे सरकारी शाळा सर्वांस खुल्या असल्याचे जाहीर झाले. तथापि अस्पृश्य मुलांच्या वाट्याला अनेक ठिकाणी ओसरीच आली.

ही विसंगती जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात नेमकी पकडली. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमांतून येतो आणि त्याचा लाभ मात्र वरच्या वर्गांस मिळतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होय. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, लोकल फंडाचा निम्मा भाग प्राथमिक शाळांस द्यावा, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातील असावेत व त्यांस किमान बारा रुपये वेतन मिळावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. केवळ तत्त्व सांगून न थांबता पैसा कोठून आणावा हेही ते सांगतात, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. खुद्द इंग्लंडमध्ये सक्ती सर्वत्र लागू झाली ती १८८० साली, म्हणजे अवघी दोन वर्षे आधी.

आयोगाने लोकल फंडातील शिक्षणविषयक रकमेवर प्राथमिक शिक्षणाचा जवळजवळ अनन्य हक्क मान्य केला, पण सक्तीची शिफारस केली नाही. शिवाय शाळांचा भार स्थानिक संस्थांकडे सोपविण्याचा मार्ग दाखविला. ज्या संस्थांचे उत्पन्नच तुटपुंजे, त्यांच्या शाळा किती वाढणार?

पुढील प्रयत्न गोपाळ कृष्ण गोखले यांचा. त्यांचे १९११ चे विधेयक अत्यंत सावध होते: सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरते, तेही स्थानिक संस्थेने मनावर घेतल्यास, आणि ज्या क्षेत्रात पुरेशी मुले आधीच शाळेत जात असतील तेथेच. तरीही मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. लोकांची मागणी नाही व पैसा नाही, ही सरकारची कारणे. पैकी दुसरे कारण फसवे म्हटले पाहिजे. कारण सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ पासून सबंध बडोदे संस्थानात सक्ती लागू केली होती, आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली तोच मार्ग धरला. संस्थानिकांस जे परवडले ते साम्राज्यास परवडू नये, हे पटण्याजोगे नाही.

विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ चा कायदा झाला, तो नगरपालिकांपुरता. १९२३ च्या कायद्याने जिल्हा लोकल बोर्डे त्या कक्षेत आली. ज्या खेड्यांतून ती पट्टी साठ वर्षे वसूल होत होती, त्यांच्यापर्यंत सक्तीचा विचार सर्वांत शेवटी पोहोचला.